सशाच्या रक्तातले दोन ठिपके

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज संध्याकाळी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एक कव्हरस्लिप, म्हणजे पेशी असलेली पातळ काच, पाहिली आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. खरे तर ती मी करणारच नव्हते. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये एक खण रिकामा उरला होता आणि उणे 80 च्या फ्रीजरमध्ये, अगदी मागे, आमच्या सशाला प्रथिन टोचण्याआधी काढून ठेवलेल्या सीरमची, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाची, एक नळी बर्फाला चिकटून पडली होती. खण वाया जाऊ नये एवढ्याच विचाराने मी आमच्या अँटीबॉडीच्या जागी, म्हणजे टोचल्यानंतर सशाने त्या प्रथिनाला धरण्यासाठी तयार केलेल्या रेणूंच्या जागी, ते सीरम घातले. तसेच पाचशेपट विरळ केलेले, तेच उणे 20 अंशांचे मेथनॉल, लेझरची शक्तीही तीच. तेथे अंधार दिसायला हवा होता. जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाला लगटून दोन हिरवे ठिपके होते.

मी पुन्हा पुन्हा फोकस वरखाली केला. स्लाइडवरचे लेबल दोनदा वाचले. मग दिवा लावून प्लेटचा नकाशा ताडून पाहिला. अदलाबदल झालेली नव्हती.

मला सर्वाधिक खुपते आहे ते हे, की श्रावणात हे ठिपके पहिल्यांदा दिसले तेव्हा मी निष्काळजीपणा केला नव्हता. पहिली, सशाची अँटीबॉडी वगळून फक्त दुसरी, तिला चिकटून चमकणारी, घातलेली स्लाइड मी शेजारीच ठेवली होती आणि ती पूर्ण काळी होती. एकेका रंगाच्या स्वतंत्र स्लाइडही केल्या होत्या, म्हणजे लाल रंगाचा उजेड हिरव्याच्या वाट्याला येत नाही याची खात्री होती. पण दुसरी अँटीबॉडी सशाच्या अँटीबॉडीला धरते. स्लाइडवर सशाचे काहीच नसेल तर तिला धरायलाही काही नाही, आणि ती काळी राहणारच. विचारायला हवा होता तो प्रश्न निराळा होता: आमचे प्रथिन टोचण्यापूर्वीच सशाच्या रक्तात ज्या अँटीबॉडी होत्या, त्या पेशीत कोठे जाऊन बसतात? हा प्रश्न मला सुचला नाही. नळीच्या झाकणावर शर्वरीच्या अक्षरात ‘प्री-ब्लीड’, म्हणजे टोचण्याआधीचे रक्त, असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तीन वर्षे ती नळी बाजूला सारून मी तिच्यामागचे डबे काढत आले. शर्वरी असती तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते. पण ते आता असो.

गॅमा ट्युब्युलिनचा पुरावा तर मी सर्वांत भक्कम मानला होता. पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिका जेथून वाढू लागतात तेथे ते प्रथिन असते, म्हणून सेंट्रोसोमची, म्हणजे केंद्रकाजवळच्या त्या उगमाची, खूण म्हणून सगळेच ते वापरतात. उंदराच्या अँटीबॉडीने ते लाल केले, सशाच्या अँटीबॉडीने आमचे प्रथिन हिरवे केले, हिरवे लालवर नेमके बसून पिवळे झाले, आणि मी वहीत लिहिले की आमचे प्रथिन सेंट्रोसोमवर आहे. आज उमगते आहे की सशाच्या अंगची अँटीबॉडीच जर सेंट्रोसोमला चिकटत असेल, तर तिचेही हिरवे त्याच लालवर बसणार आणि पिवळेच होणार. खरे असले तरी चित्र हेच, खोटे असले तरी चित्र हेच. शिवाय सेंट्रोसोमच्या गाभ्यातला एकेक सेंट्रिओल जेमतेम अर्धा मायक्रॉन लांब आणि त्याच्या निम्म्याहून कमी रुंद. त्यांच्याभोवतीच्या गर्दीत शंभराहून अधिक प्रथिने दाटलेली, आणि आमच्या सूक्ष्मदर्शकाला 200 नॅनोमीटरच्या आतल्या दोन वस्तू वेगळ्या दाखवता येत नाहीत. दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता दोन माणसे एका ठिकाणी दिसली म्हणून ती एकत्र आली असे कोणी म्हणत नाही. मी मात्र म्हटले, आणि पोस्टरवर छापले.

पण पोस्टरपेक्षाही मला त्या श्रावणी सोमवारचे वाईट वाटते. त्या रात्री साडेनऊला मी अंधाऱ्या खोलीत एकटी होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि पडद्यावर एक विभाजित होणारी पेशी आली: मध्ये निळ्या गुणसूत्रांची ओळ, दोन्ही टोकांना एकेक पिवळा ठिपका. मी रडले होते. ते चित्र मी घरी दाखवले तेव्हा आई म्हणाली, ‘दोन्ही बाजूंना समया आणि मध्ये देव.’ दुसऱ्या दिवशी तिने शिरा केला. बाबांनी ते चित्र फोनच्या पडद्यावर लावले, ते अजून तेथेच आहे. तीन वर्षांत मला मिळालेला हा एकच निखळ आनंद, आणि तो आता खरा धरायचा की नाही, हे मी बस वळणे घेत असताना, मग गाडीत, चेंबूर येईपर्यंत स्वतःला विचारत होते. उत्तर सापडले नाही. नुसते असे वाटत राहिले की माझ्याच वाट्याला असे का यावे, इतक्या जणींच्या पहिल्याच स्लाइड स्वच्छ येतात.

जेवण झाल्यावर जुने शोधनिबंध काढून बसले. 1978 मध्येच कॉनोली आणि कॅल्निन्स यांनी लिहून ठेवले आहे की काहीही न टोचलेल्या सशांच्या सीरमनेही सेंट्रिओल आणि पेशीवरच्या सूक्ष्म केसांच्या बुडाशी असणाऱ्या बेसल बॉडी उजळतात. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी अशाच अंधाऱ्या खोलीत, काळोख अपेक्षित असताना, हेच ठिपके पाहिले होते. ते मात्र तेवढ्याने खचले नाहीत. त्यांनी त्या ठिपक्यांवरच निबंध लिहिला. त्यावरून 5051 आठवले. स्क्लेरोडर्मा झालेल्या एका रुग्णाच्या सीरमला प्रयोगशाळांत हा क्रमांक होता. त्वचा ताठ होत जाणाऱ्या त्या आजारात काही जणांचे शरीर स्वतःच्याच सेंट्रोसोमविरुद्ध अँटीबॉडी तयार करते, आणि सेंट्रोसोम उजळण्यासाठी 1980 च्या दशकात संशोधकांनी तेच सीरम वापरले. पुढे त्याच्याच आधाराने पेरिसेंट्रिन हे प्रथिन हाती लागले. तो निबंध 1994 चा. आज आम्ही पेरिसेंट्रिनची अँटीबॉडी यादीतून क्रमांक पाहून मागवतो, तेव्हा कोणाचे तरी आखडलेले हात त्यामागे आहेत हे मला एकदाही आठवलेले नाही. त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. त्याला हे कळले तरी होते का?

हे वाचता वाचता मघाचा कढ पुष्कळसा ओसरला. सशाने काही लबाडी केलेली नाही. त्याच्या रक्तात जे होते ते त्याने दिले, आणि टोचण्याआधी त्याचे सीरम पेशींवर घालून पाहणे हे माणसांचे काम होते, जे आमच्या सशाच्या बाबतीत राहून गेले. शिवाय आमचे प्रथिन सेंट्रोसोमवर नाही, असे आजच्या कव्हरस्लिपने म्हटलेलेच नाही. दोन हिरवे एकमेकांत मिसळलेले असू शकतात, थोडे सशाचे आणि थोडे आमचे, आणि ते वेगळे करण्याची रीत आहे. उद्या सकाळी एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिन बनणे रोखणारे छोटे आरएनए, घालून पेशींतले आमचे प्रथिन कमी करायचे, 72 तास थांबायचे, शनिवारी अर्ध्या पेशींचा ब्लॉट, म्हणजे प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी, करून प्रथिन खरोखर कमी झाले का ते पाहायचे आणि उरलेल्या रंगवायच्या. हिरवे मंदावले तर मंदावलेला भाग आमचा. जसेच्या तसे राहिले तर सगळे सशाचे. सरांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की सीरम तसेच वापरू नकोस, आमचे प्रथिन बसवलेल्या कॉलममधून गाळून त्याला धरणाऱ्या अँटीबॉडीच तेवढ्या वेगळ्या काढ. पोस्टरबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

हात धुऊन उठत होते तेव्हा बाबांनी त्या चित्राची मोठी प्रत मागितली होती. खालच्या मजल्यावरच्या काकांना द्यायची आहे म्हणे. मी म्हटले, शनिवारपर्यंत थांबा. त्यांनी विचारले, ‘का, समया विझल्या का?’ मग मी ताटे तशीच ठेवून त्यांना समजावत बसले की समया खऱ्याच आहेत, सेंट्रोसोम तेथे आहेतच, लाल रंग त्यांची खूण आहे आणि तो उंदराच्या अँटीबॉडीचा असल्यामुळे सशाच्या गोंधळाशी त्याचा संबंध नाही. शंका आहे ती हिरव्याची, माझ्या वाट्याच्या रंगाची. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मग लाल तेवढे दे. जे खरे आहे ते द्यायला शनिवार कशाला हवा?’

आत्ता मी मूळ फाइल उघडली, हिरवा थर बंद केला, आणि निळ्या ओळीच्या दोन्ही टोकांना दोन लाल ठिपके असलेले चित्र त्यांना पाठवले. शनिवारी चार ते सहा कॉन्फोकल माझ्या नावावर आहे. ‘प्री-ब्लीड’ची नळी उद्या फ्रीजरमध्ये पुढच्या डब्यात ठेवायची आहे.