बावन्न मार्क, तरी नापास

"सर, एकूण बावन्न झालेत, मग सर्टिफिकेट का नाही?" मुलगा मोबाइल पुढे करून उभा. स्क्रीनवर असाइनमेंट २४, परीक्षा २८.

एनपीटेल म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन कोर्स; त्यांचं गणित इथेच अडकवतं. असाइनमेंटला २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. बेरीज कितीही होवो. बारा आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, त्यामुळे २४ मिळणं तसं सोपं. (ग्रुपवर उत्तरं फिरतात, हे काय आता गुपित आहे?) परीक्षा मात्र केंद्रावर बसून द्यावी लागते.

दुसरी गोची: कोर्सची नोंदणी फुकट, पण परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिला फी. कित्येकजण सगळे व्हिडिओ बघतात आणि हा फॉर्मच भरत नाहीत.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून घेता येतात; एनपीटेलचे कोर्स तिथेच असतात. पण आपल्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलाय का, हे नोंदणीआधीच विभागात विचारून घ्यायचं. नाहीतर सर्टिफिकेट येतं, पदवीत मोजलं जाणारं क्रेडिट येत नाही.

त्याला हे पहिल्याच आठवड्यात कुणी सांगायला हवं होतं?