पसरणी घाटातला आकडा

आज आईला घेऊन इलेक्ट्रिक गाडीने पुण्याहून पाचगणीला आलो. वाईत स्क्रीनवर १४० किलोमीटर शिल्लक दिसत होते, पसरणी घाट चढून आलो तर ९८! रस्ता जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचा. आई सारखी विचारत होती, "पुरेल ना रे?" मला सांगता येईना.

रात्री बसून हिशेब केला. गाडी आणि आम्ही चौघं मिळून साधारण १७०० किलो. पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे मीटरहून उंच. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच अडीच युनिट वीज लागते. सपाटीवर तेवढ्यात सतरा-अठरा किलोमीटर होतात. उरलेली घसरण अंदाजाची. मागच्या काही किलोमीटरचा खर्च पुढेही तसाच राहील असं गाडी धरून चालते. तिच्या लेखी घाट संपलेलाच नसतो! उतरताना मोटर थोडी वीज परत बॅटरीत भरते, तेव्हा हाच आकडा उगाच फुगतो.

नकाशात घाटाची चढण आधीच असते. ती धरून वाईतच खरा आकडा दाखवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. म्हातारं माणूस सोबत असताना तो धीर फार मोठा असतो.

उद्या उतरताना बॅटरीची टक्केवारी वहीत टिपणार आहे. आईने पेन आत्ताच पर्समध्ये ठेवलंय.