शेऱ्याचा रकाना

ज्यांच्या मुलीच्या अर्जाबद्दल हे आहे, त्या बाईंना लिहिण्याआधी फोन करून विचारलं. "गाव लिहू नका, मी काय काम करते ते लिहू नका, बाकी लिहा," म्हणाल्या. तेवढं पाळते आहे.

आमची संस्था लहान. दरवर्षी साठ-सत्तर मुलांची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश एवढंच काम. जूनमध्ये अर्ज येतात, आम्ही दोघी-दोघी गृहभेटींना जातो, मग समिती बसते. प्रत्येक अर्जाला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान जोडलेलं असतं. शिवाय गृहभेटीत, चहाचा कप हातात देता देता माणसं जे सांगतात ते. ते मी एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्यात, 'शेरा' या मथळ्याखाली टाईप करत असे.

तीन वर्षांपूर्वी निवड झालेल्या मुलांची यादी मी देणगीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. शेऱ्याचा रकाना 'हाइड' केला होता, पुसला नव्हता. लपवलेला रकाना फाइलबरोबर जातोच आणि कोणालाही सहज उघडता येतो, हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं बँकेत काढली होती मी. माहीत असायला हवं होतं. त्या मुलीच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'वडील नाहीत, आई एआरटीवर.' ग्रुपमध्ये एक औषध दुकानदार होते, मुलीच्या शाळेतल्या एक बाई होत्या. एआरटी म्हणजे एचआयव्हीचे उपचार, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी लक्षात आल्यावर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. ग्रुपवरून गेला, पण ज्यांनी फाइल उतरवून घेतली होती त्यांच्या फोनमध्ये ती राहिलीच. दोन दिवस एकेकाला फोन करत बसले. चौथ्या दिवशी मुलीची आई घरी आली. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं. संस्थेला नाही."

एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा कायदा मी त्यानंतर वाचला. काही ठरावीक अपवाद सोडले तर माणसाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

मग आम्ही घाबरून 'गोपनीय' असा रबरी शिक्का करून आणला आणि दिसेल त्या कागदावर मारला. वह्यावाटपाच्या वेळापत्रकावरसुद्धा. महिन्याभरात तो शिक्का कोणाच्या डोळ्यांना दिसेनासा झाला.

माझा भाचा संगणक सुरक्षेच्या कामात आहे. त्याने त्यांच्या क्षेत्रातली 'ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल' नावाची, माहितीला रंगाचं लेबल लावायची पद्धत सांगितली. लाल म्हणजे ज्याला दिलं त्याच्यापुरतंच. अंबर म्हणजे आपली संस्था आणि ज्यांच्यासाठी काम करतो ते. त्यातही 'स्ट्रिक्ट' लिहिलं तर फक्त संस्था. हिरवं त्या क्षेत्रातल्या मंडळींत फिरू शकतं. चौथं खुलं, त्याला आधी 'व्हाइट' म्हणत, २०२२ पासून 'क्लिअर' म्हणतात. मला त्यातलं एक फार पटलं. कागद किती गुपित आहे यापेक्षा तो पुढे कोणाला देता येईल, हे ते लेबल सांगतं. हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या कार्यकर्तीला नेमकं तेच हवं असतं.

आम्ही त्याला आमच्यापुरतं वळण दिलं. रंगीत टिकल्या लावून पाहिल्या, पण झेरॉक्समध्ये लाल काय नि हिरवी काय, सगळ्या काळ्या. म्हणून आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर शब्दात लिहितो: 'लाल. पाहणार: गृहभेट करणाऱ्या दोघी आणि सचिव. ३१ जुलैनंतर फाडणे.' फाइलच्या नावाची सुरुवातही त्याच शब्दाने होते. समितीपुढे मुलांची नावं जात नाहीत, क्रमांक जातात. नाव-क्रमांकाची वही माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली खजिनदारांकडे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या का असतात हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. आधारची झेरॉक्स घ्यावीच लागली तर मास्क केलेलं आधार घेतो, त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. जुने अर्ज रद्दीत जात नाहीत. नोकरीत असताना एकदा शेंगदाण्याची पुडी सोडली, तर आत कोणाचा तरी खातेउतारा निघाला होता, नावासकट. तेव्हापासून रद्दीवाल्याच्या काट्यावर छापील कागद चढताना पाहिला की मला राहवत नाही.

पण इतकं सगळं करूनही मूळ चूक तशीच उरते. 'आई एआरटीवर' हे मी लिहिलंच का? त्या मुलीची निवड उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि गुणांवर झालीच असती. समितीला कळवळा यावा म्हणून लिहिलं. त्या बाईंचं दुखणं मी त्यांच्या मुलीच्या अर्जाचं वजन वाढवायला वापरलं. जे लिहिलंच नाही त्याला लेबल लागत नाही, की ते फुटत नाही. म्हणून शेऱ्याचा रकाना काढून टाकला. काही देणगीदार अजूनही विचारतात, "मुलांची थोडी पार्श्वभूमी पाठवा ना, फोटो पाठवा." मी नाही म्हणते. त्यामुळे एकाने देणगी थांबवली. थांबवू दे.

या जूनमध्ये त्या बाई धाकट्याचा अर्ज घेऊन आल्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. आता आमची रीत आहे, भरलेला अर्ज पालकांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची. मी वाचत गेले, त्या मान हलवत ऐकत होत्या. एका ओळीवर त्यांनी हात केला.

"भाड्याचं घर, हे कशाला हवंय?"

मी विचार केला. खरंच नको होतं. त्यांच्यासमोर खोडलं, बाजूला आद्याक्षरं घातली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.