चेहऱ्यावर पडलेलं आभाळ

लग्नाचे फोटो काढणारा आणि ढगांच्या मागे गाडी घेऊन फिरणारा ही दोन वेगळी माणसं आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. धंदा वेगळा, छंद वेगळा. क्लायंट माझं इन्स्टा बघतात, एका फोटोत शालू नेसलेली नवरी, पुढच्या फोटोत दहिवडीच्या माळावर लांब कुठंतरी उतरलेला पाऊस, आणि मग विचारतात, दादा, ढगांचं अकाउंट वेगळं का नाही काढत तुम्ही. आज एकदाच सविस्तर लिहितो, कारण माझ्यासाठी हे एकच काम आहे. चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो आभाळातूनच येतो ना. ज्याला आभाळ वाचता येत नाही त्याचं उघड्यावरचं पोर्ट्रेट नशिबावर चालतं, हे माझं सरळ मत.

साताऱ्यात राहतो हे यातलं मोठं भाग्य. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वर, जिथं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटाव, जिथं ५००च्या आसपास झाला तरी लोक समाधानी. आता गंमत अशी की जुलैत सगळे फोटोग्राफर महाबळेश्वर आणि कासला पळतात, पण तिथं जुलैत आभाळ दिसतच नाही, तुम्ही ढगाच्या आत उभे असता, सगळं पांढरं. धुक्यातले फोटो छान येतात, नाही म्हणत नाही, पण आभाळ हवं असेल तर उलटी दिशा धरायची, पूर्वेला, फलटण, दहिवडी, म्हसवड. घाटावर पाणी सांडून आलेले ढग तिथं फाटलेले असतात, मधूनच ऊन खाली उतरतं, एका शिवारावर पाऊस आणि शेजारच्या शिवारावर पिवळं ऊन, आणि लांबवर राखाडी पडदे लोंबताना दिसतात. मी तिथल्या शेतकऱ्यांचे, मेंढपाळांचे जे पोर्ट्रेट काढलेत ते सगळे याच दिवसांतले. ढगाळ उजेडात कपाळाखाली कडक सावली पडत नाही, डोळे उजळतात, सुरकुती न सुरकुती दिसते पण टोचत नाही.

आणि पंचांगाचंसुद्धा बघा. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नं नाहीत, म्हणजे नेमकं ज्या काळात आभाळ रोज नवीन काहीतरी दाखवतं त्याच काळात मी मोकळा. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू आणि आभाळ एकदम कोरं. डिसेंबर-जानेवारीत ढगाचा ठिपका नसतो कित्येक दिवस. पण त्या कोऱ्या आभाळातही एक गोष्ट रोज घडते आणि ती फार कमी लोक बघतात, कारण सूर्य बुडताना सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. सूर्य बुडल्यावर मागं वळून पूर्वेला बघा. क्षितिजाच्या थोडा वर गुलाबी पट्टा येतो आणि त्याच्याखाली निळसर राखाडी पट्टा हळूहळू वर चढतो. तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली, वातावरणावर पडलेली. हिवाळ्यातल्या लग्नात मी जोडप्याला त्या गुलाबी पट्ट्यासमोर उभं करतो, तोंडं पश्चिमेकडं, म्हणजे चेहऱ्यावर मावळतीचा मऊ उजेड आणि पाठीमागं गुलाबी-निळं. फ्लॅश लागत नाही, काहीच लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्या वेळेला स्टेजवर आहेराची रांग लागलेली असते आणि मामा-काका जोडप्याला सोडत नाहीत, म्हणून मी आधीच घरच्यांशी बोलून तेवढा वेळ मागून घेतो.

खरी मजा एप्रिल-मेमध्ये. लग्नसराई पण जोरात आणि वळीव पण जोरात. सकाळी आभाळ स्वच्छ, बारा-एक वाजता छोटे पांढरे ढग, त्यांच्या कडा कशा आहेत ते बघायचं. कडा घट्ट, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसायला लागल्या आणि ढग उंच उंच जायला लागला की समजायचं आज काहीतरी होणार. मोठा वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, वर गेला की पुढं जागा नसल्यासारखा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीचा आकार होतो. पाऊस पडून ढग सरकला की त्या पसरलेल्या भागाच्या पोटाला कधीकधी गोल गोल फुगे लोंबतात, आणि मावळतीचं ऊन त्यांना खालून लागलं तर मी हातातलं काम सोडून वर बघतो, जेवत असलो तरी उठतो.

एक लग्न सांगतो. वाईकडचं, मेमधलं, गोरज मुहूर्ताचं. गोरज म्हणजे गुरं परतायची वेळ, त्यांच्या खुरांची धूळ आणि बुडता सूर्य, आपल्या लोकांनी लग्न लावायला हीच वेळ शोधून ठेवलीय आणि आपण मात्र त्या वेळेला जांभळ्या-निळ्या एलईडी लावून बसतो. तर मुहूर्ताच्या आधी तासभर वळीव कोसळला. वीज गेली, स्टेजचं कापड भिजलं, जनरेटरवाला पोचायचा होता. गुरुजी म्हणाले मुहूर्त टाळायचा नाही, इथंच उघड्यावर लावू. पाऊस पूर्वेला सरकलेला, पश्चिमेला ढगाच्या खालून सूर्य बाहेर आला आणि पूर्वेचा तो डोंगराएवढा ढग पेटल्यासारखा नारिंगी झाला. मध्ये अंतरपाट. त्या पांढऱ्या कापडाच्या एका बाजूला थेट ऊन आणि दुसऱ्या बाजूला ढगावरून परत आलेला गुलाबी उजेड, कुंकवाचं स्वस्तिक दोन्हीकडून दिसतंय, अलीकडं उभ्या नवरदेवाची सावली कापडावर, नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्यानं एका बाजूला उडालेल्या आणि भिजलेल्या केसांची एक बट गालाला चिकटलेली. तिच्या गालावर जो रंग होता ना, तो मेकअपवालीचा नव्हता, तो त्या ढगाचा होता. ८५ची लेन्स, फ्लॅश बंद, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर लॉक. हे लॉक करणं फार महत्त्वाचं, कारण ऑटोवर ठेवलं की कॅमेरा तो नारिंगी रंग चूक समजतो आणि पुसून टाकायला बघतो. मंगलाष्टका संपेपर्यंत उजेड टिकला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि उडणारा तांदळाचा दाणा न दाणा चमकला. माझ्या आजवरच्या कामातला तो सगळ्यात आवडता अल्बम आहे.

म्हणूनच कोणी म्हणालं ना, "दादा, मागं जरा भारी सनसेट टाका की", तर मी नाही म्हणतो. प्रेमानं म्हणतो पण नाहीच म्हणतो. २०१९मध्ये ल्युमिनार या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आभाळ बदलायची सोय आली, २०२०मध्ये फोटोशॉपनं दिली, आता मोबाइलवर पण एका टचमध्ये होतं. पण भर दुपारी बाराच्या उन्हात काढलेला चेहरा, नाकाची सावली ओठांवर, आणि मागं लालभडक संध्याकाळ, हे डोळ्याला खटकतंच. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. नवरीच्या डोळ्यात झूम करून बघा, बुबुळात त्या वेळचं आभाळ उमटलेलं असतं. मागचं आभाळ बदललं तरी डोळ्यातलं कोण बदलणार.

यावर एक मित्र नेहमी म्हणतो की हे काही आजचं नाही, आणि त्याचं बरोबर आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा आणि त्यातल्या काही फोटोंत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन जोडून एक प्रिंट करायचा. पण त्याची अडचण खरी होती. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा, समुद्र नीट यावा एवढा वेळ प्लेट उघडी ठेवली की आभाळ पांढरंफटक व्हायचं. आज आपल्या सेन्सरला ती अडचण नाही. आभाळाला एक्स्पोज करायचं, हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, फाटू द्यायचे नाहीत, आणि चेहऱ्याला उजेड द्यायचा.

तो कसा द्यायचा तर, मी एक-दीड स्टॉप आभाळ दाबतो, थोडं गडद ठेवतो, म्हणजे ढगाचा पोत येतो, आणि जोडप्यावर बाजूनं गोडॉक्सचा छोटा एडी २०० फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायची. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत आणि मग मागं सोनेरी संध्याकाळ आणि चेहरे बँकेतल्या ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे पांढरे. फ्लॅशची दिशा पण सूर्याच्या बाजूचीच ठेवायची, म्हणजे आभाळ जे बोलतंय तेच फ्लॅशनं बोलावं. पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा फिल्टर, वापरत असाल तर सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ सगळ्यात गडद होतं, पण १६-३५सारख्या वाइड लेन्सवर तो आभाळाच्या मधोमध गडद डाग पाडतो, ग्रुप फोटोला तर लावूच नका.

अजून एक, सूर्य बुडाला की ट्रायपॉड गुंडाळणारे लोक बघून जीव तुटतो. खालचे ढग विझले तरी वरचे पिसासारखे ढग सहा किलोमीटरच्या वर असतात, त्यांना सूर्य अजून दिसत असतो. दहा-पंधरा मिनिटांनी ते खालून पेटतात. थांबा हो, एवढं आलाय तर थांबा.

अंदाजासाठी मी हवामान खात्याची इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघतो, पश्चिमेला क्षितिजाजवळ जाड ढग बसले असतील तर ऊन अडणार, मोकळी फट असेल तर रंग येणार. विजेचे फोटो मात्र मी गाडीत बसूनच काढतो. काचा बंद, कॅमेरा डॅशबोर्डवर टेकवलेला, आयएसओ १००, एफ ८, दहा-वीस सेकंदांची एक्स्पोजर एकामागून एक. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली ट्रायपॉड लावून वीज टिपायला उभी राहणारी पोरं मी बघितलीत, कृपा करून असं करू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, आणि वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर लांब. आकडा दहाच्या आत आला की गाडीत.

यंदा माउलींची पालखी लोणंदवरून फलटणकडं निघाली की मी चांदोबाच्या लिंबाला असेन, उभ्या रिंगणासाठी. काळं आभाळ, पांढरे सदरे, भगव्या पताका, आणि मध्येच एखादी उन्हाची तिरीप. कोणाला यायचं असेल तर कळवा, रेनकोट आणि लेन्स पुसायला दोन-तीन कोरडी फडकी आणा, आणि फोटो काढताना वारकऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, एवढी एकच अट.