उचकीवाले काका

चक्कर, घास घशाखाली उतरेना आणि परवापासून न थांबणारी उचकी. काकांच्या एमआरआयच्या फॉर्मवर डॉक्टरांनी मेड्युला, म्हणजे मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग, नीट बघायला सांगितलं होतं. मुलगा वैतागलेला, "अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देऊन झाल्या हो."

नेहमीचं डिफ्यूजन, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल दाखवणारं चित्र, चटकन उरकलं. त्यात एक स्लाइस साधारण १०० मिलिसेकंदांत टिपली जाते, त्यामुळे पेशंट थोडाफार हलला तरी निभावतं. पण स्लाइस ५ मिलिमीटर जाडीची, शिवाय कानामागच्या हाडातल्या हवेमुळे नेमका ब्रेनस्टेमच, म्हणजे मेंदूचा देठच, वेडावाकडा येतो. काही दिसलं नाही. मेंदूच्या मागच्या भागातले छोटे स्ट्रोक पहिल्या एक-दोन दिवसांत असे चकवतात. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी बारीक स्लाइसचं, हाय रिझोल्यूशन डिफ्यूजन मागितलं.

इथे उचकी आडवी आली. या चित्राचा डेटा तुकड्यातुकड्यांनी गोळा होतो, आणि डिफ्यूजनचे ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारं चुंबकीय क्षेत्र) तर पाण्याच्या रेणूंची मायक्रॉनांमधली हालचाल टिपणारे. हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा मेंदूसुद्धा त्यांना खपत नाही; दर तुकड्याचा फेज, म्हणजे सिग्नलच्या लाटेची स्थिती, वेगळा पडतो. तो सावरायला नॅव्हिगेटर, म्हणजे हा फरक मोजणारा जादाचा सिग्नल, असतो, फारच बिघडलेला तुकडा मशीन पुन्हा घेतं. काकांचे तुकडे ते घेतच राहिलं. वेळ वाढत गेला, तरी मधल्या स्लाइस काळ्या पडलेल्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम ठासून भरला, पण हनुवटी उडायची ती उडायचीच. स्पीकरवरून "काका, हलू नका" म्हणणं हा शुद्ध कोडगेपणा झाला असता.

"प्रोपेलर लाव," मॅडम म्हणाल्या.

जेम्स पाइप यांनी १९९९ साली मांडलेली ही पद्धत. पंख्याच्या पात्यांसारखे फिरत जाणारे पट्टे, आणि प्रत्येक पट्टा के-स्पेसच्या, म्हणजे चित्राचा कच्चा डेटा जिथे भरतो त्या जागेच्या, मध्यातून जाणारा. त्यामुळे डोकं किती सरकलं, किती वळलं, ते पट्ट्यांची आपसात तुलना करून कळतं. सावरता येईल ते सावरायचं, बाकीच्या पट्ट्यांना हिशेबात कमी वजन द्यायचं. वेळ मात्र खाते, म्हणून एरवी आम्ही तिच्या वाटेला जात नाही. बाहेर नंबर लागलेले असतात.

चित्राच्या कडा जरा मऊ आल्या. पण मेड्युलाच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात लख्ख पांढरा ठिपका होता आणि एडीसीवर, म्हणजे पाणी किती मोकळेपणाने हलतंय त्याच्या नकाशावर, त्याच जागी काळा. लॅटरल मेड्युलरी इन्फार्क्ट, म्हणजे मेड्युलाच्या बाजूच्या भागातला स्ट्रोक. उचकी हे त्याचंच एक लक्षण, म्हणजे स्कॅन बिघडवत होता तो आजारच.

मॅडमनी लगेच वॉर्डला फोन लावला, "गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही."