ईपची टेकडी, पीजे हार्वी आणि आपशिंग्याचे ४६ जण

"एका अल्बमसाठी तू डॉर्सेटला जाणार?" बहिणीने लंडनमध्ये विचारलं. हो, एका अल्बमसाठी. इंग्लिश गायिका पीजे हार्वी हिचा 'लेट इंग्लंड शेक' फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि तेव्हापासून माझ्या कानातून उतरलेला नाही. अल्टरनेटिव्ह रॉक ऐकणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना तिचे नव्वदच्या दशकातले खरखरीत गिटारचे अल्बम आवडतात. मला हा आवडतो. युद्धावरचा असूनही यात कुठेही आरोळी नाही. आणि हा कुठल्या भारी स्टुडिओत नाही, तर डॉर्सेटच्या किनाऱ्यावर ईप नावाच्या छोट्या गावात, सेंट पीटर्स चर्चमध्ये रेकॉर्ड झाला.

वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे, पुढे ब्रिडपोर्टपर्यंत बस. पहिला अख्खा दिवस पावसात गेला. ब्रिडपोर्ट हे पूर्वापार दोरखंड आणि जाळ्यांचं गाव, हार्वीचं जन्मगावही हेच. ज्या घरी उतरले होते तिथल्या काकूंनी ओले बूट हीटरजवळ ठेवून घेतले आणि न मागता चहा आणून दिला. इंग्रज माणसं तुटक असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे राहून यावं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ब्रिडपोर्टजवळच्या वेस्ट बेच्या किनाऱ्यावर जत्रा भरली. तिथल्या पिवळ्या कड्याखाली एका गाजलेल्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण झालं होतं, म्हणून जो तो तिथेच उभं राहून फोटो काढत होता. दरडी कोसळतात, कड्यापासून लांब राहा, अशी पाटी आहे. तिच्याच पुढ्यात पोरांना उभं करून आईबाप सेल्फी घेत होते. मला राग आला, अजूनही येतो. मी पश्चिमेकडची पायवाट धरली आणि चढ लागताच गर्दी मागे पडली.

चर्च टेकडीवर आहे. व्हिक्टोरियन काळातलं, दगडी, आवाक्यातलं. आवारातून समुद्र दिसतो. तिथे आता कलादालन चालतं, मैफली होतात. मी गेले तेव्हा आत एक आजी फुलं बदलत होत्या, बाकी कुणी नाही. "रेकॉर्डसाठी आलात ना?" त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं, आणि म्हणाल्या, "गा की थोडं. तुमचं तुम्हालाच कळेल."

मी गायले. आजोळच्या जात्यावरच्या दोन ओळी, भीतभीतच. आवाज सुटला, वर गेला, आणि किंचित उशिरा परत आला. गुहेसारखा घुमला नाही, भिंतीपर्यंत जाऊन मऊ होऊन परतला. त्या क्षणी हा अल्बम मला नव्याने ऐकू आला. त्यात हार्वी नेहमीचा जाड, घोगरा सूर टाकून उंच, पातळ आवाजात गाते. हेडफोनवर तो आवाज दुरून येतो असं मला कायम वाटायचं आणि मी ते मिक्सिंगचं कसब समजत होते. ती या जागेची हवा आहे. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत पाच आठवडे हार्वी, जॉन पॅरिश, मिक हार्वी आणि ड्रमर जाँ-मार्क ब्यूती इथे एकत्र वाजवत होते. सोबत निर्माता फ्लड. बरंचसं संगीत एकाच खोलीत, एका वेळी. तिचं ऑटोहार्प हे तंतुवाद्य याच भिंतींवर आपटून परतलेलं आहे.

तिने गाण्यांचे शब्द आधी लिहिले, चाली नंतर. मधली काही वर्षं ती युद्धाबद्दल वाचत होती, इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांच्या आणि सामान्य माणसांच्या साक्षींसकट. पण अल्बमचा गाभा १९१५ ची गॅलिपोली आहे, पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची लढाई. 'ऑन बॅटलशिप हिल' मध्ये त्या डोंगरावरच्या रानवनस्पतींचा वास येतो आणि माणसं कुठेच नसतात. शेवटच्या 'द कलर ऑफ द अर्थ' ची सुरुवात मिक हार्वीच्या आवाजात होते. तो ऑस्ट्रेलियन, आणि गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियाची पोरं मेली. लढाईत हरवलेल्या दोस्ताबद्दलचं ते गाणं त्याच्या तोंडी देणं हा मला या अल्बममधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. वर्षातल्या उत्तम अल्बमला ब्रिटनमध्ये दिलं जाणारं मर्क्युरी पारितोषिक २०११ मध्ये याला मिळालं. ते दोनदा मिळवणारी हार्वी एकटीच. पहिल्यांदा मिळालं तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१, आणि ती वॉशिंग्टनमध्ये होती.

आजींनी विचारलं, "तुमच्याकडची माणसं होती का त्या युद्धात?" मी आपशिंग्याबद्दल सांगितलं. माझं आजोळ सातारा तालुक्यातलं, आपशिंगे मिलिटरी तिथून जवळच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले आणि परतले नाहीत. गावात त्यांचं स्मारक आहे. घराघरातून आजही फौजेत पोरं जातात. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कूत गावाच्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन महिनोन्‌महिने उपाशी अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. हे सगळं शाळेत मला कुणी शिकवलं नाही. आजींनी हातातली फुलं खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "त्यांच्यावर गाणी असतील ना?"

संध्याकाळी ब्रिडपोर्टला परतले. साउथ स्ट्रीटवरच्या चर्चसमोर त्या गावाचं युद्धस्मारक आहे. त्यावरची नावं मी वाचत राहिले, एकेक आडनाव दोनदोनदा, भावाभावांची असावीत.

तिसऱ्या दिवशी मी लंडनला परतले, वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आजींचा प्रश्न मात्र डोक्यात बसला. आपल्याकडे पोवाडा आहे आणि तो मला प्रिय आहे, पण तो जिंकणाऱ्याचा आवाज आहे. वाळवंटात उपाशी बसलेल्या, दुसऱ्याच्या राजासाठी मेलेल्या पोराला तो पुरणार नाही. मला त्या ४६ जणांवर मराठी अल्बम हवाय. शब्द आधी लिहिलेले, गावातल्याच देवळाच्या सभामंडपात रेकॉर्ड केलेला, आवाज उंच आणि पातळ. कुणी करत असेल तर मला कळवा. जात्यावरच्या ओव्या आजीकडून लिहून घेतलेल्या आहेत, त्या मी देईन.