पेंडंट अपडेट: भूत चपलेने पकडलं

जानेवारीत माझ्या सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) पेंडंट लावला, म्हणजे चाक फिरवून मशीन हलवायचा तारेचा रिमोट, आणि इथे तोऱ्यात लिहिलं, "पेंडंट जोडला, विषय संपला." मे महिन्यात त्याच पेंडंटने सागाच्या नंदीच्या पाठीत तीन मिलिमीटरचा खड्डा पाडला. तान्ह्या पोळ्यासाठी भाच्याला कबूल केलेला नंदी, आणि लाकूड घरच्या जुन्या चौकटीचं.

झेडचा, म्हणजे वर-खाली अक्षाचा, झिरो घेत होतो. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) चालू, मॅन्युअल मोड, अक्ष निवडायचा सिलेक्टर झेडवर, मल्टिप्लायर (एका क्लिकला किती सरकायचं ते) नेमका १०० वर राहिलेला. पेंडंट डाव्या हातात होता, चाकाला बोटही लागलं नव्हतं, आणि डीआरओचे (स्क्रीनवर अक्षाची जागा दाखवणारे) आकडे आपोआप उतरायला लागले. इमर्जन्सी दाबली म्हणून तीनवरच निभावलं. ते बटण मी सॉफ्टवेअरमधून न नेता एनसी कॉन्टॅक्टने (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) मशीनच्या मूळ इमर्जन्सी साखळीत घेतलं होतं. त्यावरून तेव्हा इथे वाद घालणाऱ्यांना रामराम.

सेटअप तोच आहे: मशीन चालवायला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरचं दुसरं पॅरलल पोर्ट इन मोडमध्ये (सिग्नल आत घ्यायला), १०० पल्सचं चाक. एका क्लिकला चौपट सरकण्याचा जुना घोळ मात्र मिटला. चाकातला एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) क्लिकमागे चार काउंट देतो, म्हणून जॉग-स्केल (एका काउंटला किती सरकायचं ते) चारने भागलं. डायल इंडिकेटर लावून ०.०१ वर दहा क्लिक मारले, काटा बरोबर ०.१० वर येऊन थांबला. त्या दिवशी दोनदा चहा झाला.

आता भूत. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बंद असला की काउंट ठप्प, चालू केला की आकडे नाचायला लागतात. हॅलस्कोपवर (लिनक्ससीएनसीतला सिग्नलचा आलेख) चाकाच्या ए आणि बी दोन्ही सिग्नलच्या रेषांवर काटेच काटे. एकाच चॅनेलवर झटका आला तर एक काउंट पुढे, एक मागे, हिशोब शून्य. दोन्हीवर लागोपाठ आले की कॉम्प्युटरला चाक फिरल्यासारखं वाटतं. आधी एन्कोडरवर संशय घेतला, दुसरा लावला, फरक नाही. मग डीबाउन्स (क्षणिक झटके गाळणारा फिल्टर) घातला, तोही सॉफ्टवेअरच्या जलद फेरीत, बेस थ्रेडमध्ये, कारण संथ सर्वो थ्रेडच्या १ मिलिसेकंदात जोरात फिरवलेल्या चाकाचे काउंट सुटतात. नाच कमी झाला, पण थांबला नाही. दुखण्यावर नुसती पट्टी बांधल्यासारखं.

मुख्य कोडं वेगळंच होतं. जानेवारीत हीच वायर, हाच व्हीएफडी, आणि तक्रार शून्य. मधे मी स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

धागा सापडला तो असा. पेंडंट खिळ्याला लटकवला की शांत, हातात घेतला की चालू. एका दुपारी चपला घालून आत आलो तर हातात असूनही जवळपास शांत! चपला काढून फरशीवर उभा राहिलो, पुन्हा नाच. चपला घाल, काढ, असं पंधरा मिनिटं चाललं. आई दारातून बघत होती, काही बोलली नाही. त्यातच मशीनच्या फ्रेमला मनगट लागलं आणि बारीक झिणझिण्या आल्या.

वायरमन काकाजींना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा टेस्ट लॅम्प लावला. दिव्याची तार नुसती लालसर झाली, विझत्या विडीसारखी. "भाऊ, पेंडंट काहाले खोलून राहिले? तुमची अर्थिंगच सुकली." बाहेर जाऊन पाहिलं तर अर्थिंगच्या खड्ड्याभोवती काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. जानेवारीत तिथे ओल होती, उन्हाळ्यात काळी माती आक्रसली आणि रॉडपासून सुटली. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्धा तास थांबलो. दिवा पिवळा झाला, मग पांढरा. (हा प्रयोग स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या. आणि अशा अर्थिंगवर फ्रेमला फेज लागली तर एमसीबीही पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.)

म्हणजे फ्रेम आणि पॉवर सप्लाय अधांतरी, मी जमिनीवर, आणि मधे पेंडंट; व्हीएफडीच्या झटक्यांना जमिनीत उतरायला वाट त्यातूनच. पाण्यानंतर काटे बरेच गेले, सगळे नाही. कारण खरी चूक माझीच होती: चाकाला ए-बीच्या जोडीला ए उणे, बी उणे असे उलटे सिग्नल असताना (जोडीतला फरक मोजला की बाहेरचा झटका कटतो) मी आळसाने फक्त ए आणि बी जोडले होते. शिवाय शील्ड (केबलवरची जाळी) कुठेच जोडलेली नव्हती, श्रिंक ट्यूबखाली दुमडून ठेवली होती. ऑनलाइन विक्रेत्याच्या रंगांच्या कागदावर तर भरवसाच नको. माझ्याकडे दोन रंग उलटे निघाले, प्रत्येक वायर मीटरने तपासावी लागली.

नागपूरला सीताबर्डीत २६एलएस३२ मिळाली (अशा जोड्यांतला फरक वाचणारी चिप), चिपपेक्षा एसटीचं तिकीट महाग. पिन ४ ला (एनेबल) पाच व्होल्ट, दोन्ही जोड्या आत, चिपचं आउटपुट पॅरलल पोर्टला, शील्ड फक्त कंट्रोल बॉक्सच्या टोकाला. अनवाणी, पेंडंट हातात, स्पिंडल पूर्ण वेगात, एक तास: काउंट एकानेही हलला नाही.

पुढचा बेत स्प्रिंगची केबल काढून वायरलेस घ्यायचा होता. आता नको. बेंचपासून बॉक्सपर्यंत कॅट६ (नेटवर्कची केबल) टाकतो, तिच्यात पिळलेल्या जोड्या आयत्या मिळतात. पण आठ तारांत सिलेक्टरच्या तारा मावणार नाहीत, म्हणजे दोन केबल. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: पेंडंटच्या कुशीतलं एनेबल बटण मी अजून वापरलेलंच नाही! ते अँड२ मधून (दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच होकार देणारा सॉफ्टवेअरचा ठोकळा) जॉग-एनेबलला (चाकाला परवानगी देणारा सिग्नल) दिलं की बटण दाबल्याशिवाय चाकावरून झेड हलणारच नाही. केबल मागाहून, हे आज रात्रीच, लाइट राहिली तर.

नंदीच्या पाठीतला खड्डा सागाचा भुसा आणि इपॉक्सीने भरलाय. भाचा म्हणतो तिथे झूल रंगवू.